तुझ्या नावाचं पाणी, माझ्या नावाचं मत

॥ श्री ॥
हिंगोली, ९ जुलै २०२५

चि. बंडूस,
ताईचा आशीर्वाद. या खेपेस तो देताना हात आखडता घेतला आहे, हेही लिहून ठेवते.

गुरुवार, दिनांक २३ जून २०१६. लेस्टरच्या घड्याळात सकाळचे सव्वानऊ. त्या वेळी तू दुकान शैलावर टाकून शाळेतल्या मतदान केंद्रावर गेलास आणि दोन मतं टाकलीस. एक तुझं, एक माझं. ब्रिटनने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न होता. मी आईच्या वर्षश्राद्धासाठी लेस्टरहून इकडे यायला निघाले, तेव्हा माझ्या वतीने मत टाकायचा अधिकार रीतसर तुला दिला होता. तुझ्या काउंटरपाशी उभं राहून सांगितलं होतं, की माझं मत राहण्याच्या बाजूने. तुझा कान ठाऊक असल्यामुळे दोनदा सांगितलं. तू मान हलवलीस, आणि बाहेर पडण्यावर फुली मारून आलास.

त्याच घटकेला हिंगोलीत दुपारचे पावणेदोन झाले होते आणि मी पाटावर बसले होते. तुझ्या जागी. गुरुजी तयार होईनात; मुलगा असताना मुलीने कसं बसायचं म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की मुलाला दुकान सोडून येता येत नाही, त्याने मला त्याच्या नावाने बसायला सांगितलं आहे. संकल्पात तुझं नाव घेतलं. पळीपळीने पाणी सोडलं ते तुझ्या नावाचं. आई माझीही होती, पण त्या दिवशी माझ्या नावाचा एक थेंबही मी मध्ये मिसळला नाही.

तुझ्या त्या फुलीचं मला नऊ वर्षांनी कळलं, आणि तेही तुझ्याकडून नाही. गेल्या महिन्यात तुमच्या मंडळाने सार्वमतावर वाद ठेवला. तू माइक हातात घेऊन सांगितलंस, की आमची ताई नऊ वर्षं या कौलाला खोटा म्हणत आली, पण तिचं स्वतःचं मत आमच्याच पारड्यात आहे, कारण ते मी टाकलंय. लोक हसले, टाळ्या पडल्या. आपल्या अक्काच्या नचिकेतने तो व्हिडिओ बायकोला, जाईला, पाठवला. तो तिकडे गेल्यापासून ती माझ्याजवळ राहते, त्यामुळे या घरात काही लपत नाही. दाखवताना बिचारी फोन अर्ध्यातच बंद करू पाहत होती. मी तिला तो पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला. मग घरच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले. बाहेर पडणं तुला आवडतं ना? म्हणून हे पोस्टाने.

आता हालिनाचं. मी लेस्टरच्या हॉस्पिटलात नर्स होते, तेव्हा ती माझ्या वॉर्डात मदतनीस होती, भिंतीला भिंत लावून राहायची, माझं ऑपरेशन झालं तेव्हा दहा दिवस माझ्या सोफ्यावर झोपली. पोलंडची म्हणून तिला मत नव्हतं. प्रश्न तिच्या राहण्याचा, आणि मत वसमतहून आलेल्या तुला-मला! म्हणून मी तिला शब्द दिला होता, की माझं मत तुझ्या नावाने. निकालानंतर, आपल्या देशात परत जा अशी चिठ्ठी तिच्या दारात पडली आणि ती गाशा गुंडाळून गेली, तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, की या गल्लीत एक तरी मत माझं होतं. अजून दर नाताळाला तिचं कार्ड येतं. आता तिला मी काय लिहू?

शेजारच्या तातेरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, की आमच्याकडं घरचा कर्ता समद्यांचंच मत ठरवतो, तुमी काहून एवढ्या तापल्या? त्यांना मी चहाही विचारला नाही.

का केलंस, ते कळव. शैलाला आशीर्वाद. लोभ आहे, पण तो सध्या कुलपात ठेवला आहे.

तुझी,
प्रेमाताई

---

॥ श्री ॥
लेस्टर, २ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. तू पाय मागे घेतलेस तरी नमस्कार.

पत्र उघडलं आणि पाकिटातून तुझ्या हैदराबादच्या कॉन्व्हेंटची सिस्टर छडी घेऊन बाहेर आली असं वाटलं. शैलाने वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तेव्हा तुझं काम झालं आहे. गुडघ्याची तकलीफ आहे तशीच. दुकान चालतं, पेपर मात्र आता कोणी घेत नाही. लोक दूध आणि लॉटरीसाठी येतात.

आता कारण. त्या वर्षी प्रचाराला एक बाई दुकानात आल्या होत्या. गोऱ्या नव्हत्या, आपल्यासारख्याच. त्या म्हणाल्या, की युरोपच्या लोकांना दार सताड उघडं आणि तुमच्या भाच्याला मात्र दहा कागद, हे बराबर आहे का? बाहेर पडलो की तुमची माणसं येतील. ताई, मला त्या वेळी दुसरं काही दिसलं नाही, फक्त नचिकेत दिसला. अक्का गेली तेव्हा तो केवढासा होता. तिच्या उशाशी बसून मी शब्द दिला होता, की पोराला मी बघतो. तूही तिथेच होतीस.

केंद्रावर गेलो तेव्हा तुझं मत तुझ्यासारखंच टाकायचं ठरवलं होतं, खरं सांगतो. पण एका हाताने टाकायचं आणि दुसऱ्या हाताने पुसायचं? माझंच मत मीच मारायचं? घरी बसलो असतो तरी तेच झालं असतं. पेन्सिल हातात होती आणि रांग मागे होती.

आणि काय बिघडलं? बावन्न-अठ्ठेचाळीस झालं. तुझं मत तुझ्या मनासारखं पडलं असतं तरी निकाल तोच होता. निकाल लागल्यावर तो अमान्य म्हणायची तुम्हा शिकलेल्यांची जुनी खोड आहे. नाना तहसिलीतून घरी येऊन म्हणायचे, की मोजणी झाली, आता भांडण संपलं. तुमच्यात ते संपतच नाही. शेवटी नचिकेत गेल्या वर्षी आला की नाही? युरोपची माणसं गेली म्हणून इथल्या वृद्धाश्रमांत जागा झाल्या. एका अर्थी तो तुझ्या मतावरच बसून आला आहे, हे जाईला सांग.

मंडळात बोललो ते मात्र हसण्याच्या भरात. लोक हसायला लागले की माझी जीभ सुटते. ते चुकलं.

जाईस आशीर्वाद. कुलपाची किल्ली कुठे ठेवलीस तेवढं सांग.

तुझा,
बंडू

---

॥ श्री ॥
हिंगोली, १८ ऑगस्ट २०२५

चि. बंडूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र जाईला वाचून दाखवलं. तिने कणीक मळता मळता ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, की मग मावशी, त्याच मतावर बसून मलाही का नाही जाता आलं? मी परात माझ्याकडे ओढली आणि उरलेली कणीक मळली.

नचिकेत निघाला त्याच्या जेमतेम आधी तिकडचा नियम बदलला: वृद्धांच्या सेवेला येणाऱ्यांनी बायकामुलांना आणायचं नाही. कामाला हात हवेत, हातामागची माणसं नकोत. दोघांना वाटलं होतं, सहा महिन्यांत नियम सैल होईल. उलट तो आवळतच चालला आहे. तू युरोपसाठी दार लावलंस, आणि त्याच कडीत आपल्या जाईचं बोट सापडलं. वसमतच्या स्टँडवर पाहिलेलं आठवतं का? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेला माणूसच दारापाशी सगळ्यात मोठ्याने ओरडतो, की आत जागा नाही. पण पुढच्या स्टँडवर कंडक्टर त्यालाही उठवू शकतो.

माझं मत हरणाऱ्या बाजूला पडून वाया गेलं असतं म्हणतोस. जाऊ दे ना वाया. वाया घालवायलाही ते माझंच होतं. मोजणी झाली की भांडण संपतं हे नाना म्हणायचे खरं, पण ज्याचा हात त्याचंच मत, हे गृहीत धरून म्हणायचे. ज्यांना हाकलायचं की नाही हा प्रश्न, त्यांनाच मत नव्हतं. आणि ज्यांना होतं त्यांतलं एक तू पळवलंस. मी नऊ वर्षं त्या कौलाला खोटा म्हटलं, तर त्यातला एक खोटा निघाला माझ्याच घरातला.

अक्काला दिलेला शब्द मला ठाऊक आहे. मीही तिथेच होते. म्हणून तुझ्यावर धड रागावताही येत नाही, आणि हा राग मला जास्त खातो.

दोन गोष्टी कर. पुढच्या आठवड्यात गणपती बसतील. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर सांग, की ते मत ताईचं नव्हतं. आणि हालिनाला चार ओळी लिही. तिचा पत्ता सोबत आहे.

लोभ कुलपातच आहे. किल्ली तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

प्रेमाताई

---

॥ श्री ॥
लेस्टर, १२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

गणपतीत स्टेजवर गेलो होतो. मोदक स्पर्धेचं बक्षीस माझ्या हातून द्यायचं होतं. माइक हातात आला. समोर तेच लोक, त्याच खुर्च्या. मी घसा खाकरला आणि मोदकाचा विनोद सांगितला. लोक हसले. खाली उतरलो तर शैलाने माझ्याकडे बघितलं नाही. नचिकेत मागे दाराशी उभा होता, तो निघून गेला होता.

तो का गेला ते रात्री कळलं. रागावून नाही; वृद्धाश्रमात त्याची पाळी होती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, की मामा, तिकडे एक आजोबा आहेत, ते माझ्या हातचं खात नाहीत, आधीच्या पोलिश बाईला बोलवा म्हणतात. मग स्वतःच म्हणाला, की त्यांनी तिला तरी कुठं ठेवून घेतलं? आणि हसला. मला हसता आलं नाही.

दुसरी गोष्ट तुला सांगणार नव्हतो. वीस वर्षं दुकानात येणारं एक गिऱ्हाईक आहे. तूही त्याला ओळखायचीस, कुत्रा घेऊन येतो तो. परवा दूध घेता घेता म्हणाला, की सुरुवात त्या मतापासून झाली, आता उरलेलं कामही आटपून टाकायला हवं, गर्दी फार झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, की तुझं नाही बोलत बरं का, तू चांगला आहेस. मी त्याला सुटे पैसे दिले आणि थँक्यू म्हणालो.

हालिनाला लिहायला तीनदा बसलो. माझं इंग्रजी दुकानापुरतं, तुझ्यासारखं नाही. डियर हालिना याच्या पुढे पेन जात नाही. तूच लिही ना माझ्या नावाने. मी खाली सही करीन.

तुझा,
बंडू

---

॥ श्री ॥
हिंगोली, ३० सप्टेंबर २०२५

चि. बंडूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना शेवटून दुसऱ्या वाक्याशी थांबले. मी लिहू तुझ्या नावाने? बंडू, एवढं सगळं होऊनही तुला हेच सुचावं! शाळेत तुझे निबंध मी लिहिले, तुझ्या नोकरीचे अर्ज मी लिहिले, पाटावर तुझ्या नावाने मी बसले. मला आता वाटायला लागलं आहे, की माणसाच्या जागी दुसऱ्याने बसायची सवय तुला मीच लावली. हे पत्र मी लिहिणार नाही.

त्या गिऱ्हाइकाला तू थँक्यू म्हणालास, ते वाचून मी उठून गॅलरीत गेले. मार्केटकडून हळदीचे ट्रक जात होते. तुला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, आणि तुझा गुडघा दुखतो तेव्हा स्टुलावर बस म्हणावं असंही वाटलं. लेस्टरला असते तर दोन्ही केलं असतं.

आईला सोडलेलं पाणी तुझंच होतं. ते मी परत घेत नाही, घेता येतही नाही. तसंच माझं मत तुला परत देता येणार नाही, हेही मला कळतं. त्या देशाचं जे झालं ते तुझ्या एका फुलीने झालं नाही. पण हालिना म्हणाली होती, की एक तरी मत माझं होतं. तेवढ्या एका मताचा हिशेब तुझ्याकडे आहे, देशाकडे नाही. मोडक्या इंग्रजीत लिही. चुका राहू देत. बिनचूक असेल तर ती ओळखेल, की मी लिहिलं आहे.

मंडळाचं तू तुझं बघ. मोदकाचा विनोद सांगणाऱ्याला पुन्हा माइक मिळतो.

जाईने कालपासून नर्सिंगच्या परीक्षेचं पुस्तक उघडलं आहे. म्हणते, की मावशी, मी माझ्या नावावर जाईन. मी तिला शिकवते आहे. किती देशांची दारं तोवर उघडी राहतील ते मला माहीत नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आता नीट वाच. भाऊबीज गुरुवारी, २३ ऑक्टोबरला आहे. तू गेल्यापासून, मी लेस्टरला नसेन त्या वर्षी, पाटावर सुपारी ठेवून तुझ्या नावाने ओवाळत आले. हालिनाला लिहिलेल्या पत्राची प्रत, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, त्या दिवशी दिवेलागणीच्या आत माझ्या हातात पडली पाहिजे. फोन नको, व्हिडिओ नको, शैलाचा निरोप नको. लेखी. हे मी स्पीड पोस्टाने टाकते आहे, तूही तसंच टाक; जायला-यायला तीन आठवडे पुरतात.

पत्र आलं तर सुपारी मांडीन. नाही आलं तर ताम्हण घेऊन गच्चीवर जाईन आणि चंद्राला ओवाळीन. भाऊ नसलेल्या बाया तसंच करतात.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी अजून तरी ताई,
प्रेमा