अडतिसाव्या पट्टीची फाईल

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजी अजून डॉक्टरांनाच औषधं सुचवतात का? आम्ही इकडे धडधाकट आहोत, म्हणजे बायको धडधाकट आहे आणि मी आहे. पत्र हाताने लिहिलेलं बघून तुला नवल वाटेल. कॉम्प्युटरसमोर बसायची सध्या माझी छाती होत नाही, त्याचंच हे सगळं पुराण.

तुला आठवत असेल, बाबा जायच्या आधी मी त्यांच्या पायपेटीचा आवाज भरून घेतला होता. एकेका पट्टीचा सूर वेगळा रेकॉर्ड करायचा, त्याची फाईल करायची, मग कॉम्प्युटरवर ती पट्टी दाबली की ती फाईल वाजते. अशी एकसष्ट सॅम्पलं जोडून मी नकली पायपेटी बनवली. (खरी तू नेलीस, त्याबद्दल मी अवाक्षर काढत नाहीये.) चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त केलेला माणूस, दुसऱ्याला हात लावू देतील तर ते बाबा कसले! प्रत्येक पट्टी त्यांनी स्वतः दाबली. दाबण्याआधी दर वेळी "घे" म्हणायचे आणि सोडल्यावर "झालं का रे?" अडतिसावी पट्टी तर मुकी होती, तीही दाबली. मी मोठा कारागीर. आठवडाभर खपून त्यांचे सगळे "घे" आणि "झालं का रे" कापले, मूळ रेकॉर्डिंग पुसलं आणि मुकीच्या जागी शेजारणीचा सूर चिकटवला. काम किती स्वच्छ झालं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. तीन महिन्यांनी बाबा गेले, आणि त्यांचा आवाज आपल्याकडे कुठेच उरला नाही हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या मंगळवारी डिस्क बदलली. एका नाटकाच्या दिग्दर्शकाला शुक्रवारी याच पेटीवरची धून हवी होती. पेटी उघडली तर लाल अक्षरं: अडतिसावं सॅम्पल सापडत नाही. डिस्क बदलली की असं होतं, फाईल जागेवर असते, पत्ता चुकलेला असतो. मी कॉम्प्युटरला म्हटलं, सगळीकडे शोध. दोन तास शोधत होता (तेवढ्यात मी दोनदा जेवलो). मग लाल अक्षरं गेली. भर दुपार, खिडक्या उघड्या, बाहेर बायको फोनवर हसतेय, आणि मी ती पट्टी दाबली. सूर नाहीच. भात्याचा श्वास, पायाखालच्या फळीची करकर, आणि मग बाबा म्हणाले, "घे."

मी उठून उभा राहिलो. (वडील खोलीत आले की उठायची सवय.) पट्टी सुटली तसा आवाज थांबला. पुन्हा दाबून धरली. भाता चालूच, आणि थोड्या वेळाने "झालं का रे?" मी "हो बाबा" म्हणून मोकळा झालो. बायको म्हणाली, जुनी फाईल कुठेतरी राहिली असेल, त्यात काय एवढं. मला ते पटलंही. पण मंगळवारी ती फाईल चार सेकंदांची होती, बुधवारी सात झाली, काल अकरा. वाढतंय ते शेवटचं थांबणं. ते उत्तराची वाट बघतायत. कॉपी करून ठेवावी म्हटलं, तर कॉपीत नुसता भाता येतो.

दुरुस्ती अगदी सोपी आहे. त्याच फाईलवर शेजारणीचा सूर पुन्हा चढवायचा, पाच मिनिटांचं काम. पण मग हाही आवाज जाणार, आणि तो मीच दुसऱ्यांदा पुसलेला असणार. मला भीती त्यांची वाटत नाही गं, मला त्यांची आठवण येते. असो. काम ते काम. दुरुस्ती केली, धून वेळेत पाठवली, आता सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. दुरुस्ती केलेली नाही. पेटी बिघडली म्हणून दिग्दर्शकाला कळवलं. त्याने कुठलीशी बासरी वापरली आणि ती छान वाटली, हे मला जास्त लागलं.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठी. पायपेटीवर तू कुंड्या मांडल्या आहेस, त्या आजच उतरव आणि पुढ्यात एक स्टूल ठेव. सकाळी त्या फाईलमध्ये मागे तुझा कुत्रा भुंकताना ऐकू आला. तो तर तू बाबा गेल्यावर आणलास.