तुमचा भार माझ्या खांद्यावर

अनसिंग, कार्तिक शुद्ध ३, शके १८५७

शफीकमियानं धाडलेल्या बैलांच्या दमणीत बसून सकाळीच आले. पुढं बांगड्यांचं दुकान, मागं घर, अंगणात विहीर. तिच्यावर सागाच्या फळ्या ठोकलेल्या. त्याच्या बायकोनं, जुबेदानं, आल्या आल्या गरम भाकर वाढली. "मावशी, हाडं मंग बसवजा, अदुगर पोट भरा," म्हणाली. पोर गुणाची आहे.

तिची सासू मेहरबी. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. खाटेवर बसवून पाहिलं: खांदा उतरलेला, दंडाचं हाड वाटीतून खाली सरकलेलं. मधल्या पोकळीत माझं एक बोट मावलं. घरचे तिला लुळा हात धरून उठवतात. इथंच घोडं पेंड खातं! बजावलं, त्या हाताला ओढायचं नाही, खाली उशी ठेवायची. मग माझ्या रिवाजाप्रमाणं तिच्या खांद्यावर तळवा ठेवून म्हटलं, बाई, तुमचा भार आता माझ्या खांद्यावर. तीस वर्षं हेच म्हणत आले. रोग्याला धीर येतो.

मेहरबी मात्र डोळे फाडून मान हलवत राहिली. नको, नको.

शुद्ध ४

दोन बोटं. जुबेदाला रागावले. कोणी हात ओढला नाही म्हणते, लेकराची शपथ घेते. मग मनगटावर पाच बोटांचे वळ कुठून आले? वळ ओले आहेत.

शुद्ध ६

तीन बोटं. भर दुपारी मी स्वतः समोर बसले होते. उशीवरचा हात आपोआप घसरला, ताणला गेला, विहिरीच्या दिशेनं. मेहरबीच्या घशातून एकच शब्द फुटला: अन्वरी.

जुबेदानं दार लावून सांगितलं. अन्वरी ही मेहरबीची धाकटी जाऊ. अंगणातल्या याच विहिरीवर पाणी शेंदताना तिचा तोल गेला. मेहरबीनं वरून हात धरला होता. मग सोडला. निसटला, असं ती जन्मभर म्हणत आली. "पण मावशी, शेजारच्या बाया सांगतात, ती खालून लय वेळ म्हणे, भाबी, सोडू नोको."

शुद्ध ७

मेहरबीचा खांदा भरून आला! बोटाचं टोकही शिरत नाही. हात डोक्यापर्यंत नेला तिनं. रडली, माझे पाय धरले, आणि स्वच्छ बोलली, "आता तुह्यापाशी."

भाकर मोडताना माझा उजवा हात—

शुद्ध ८

डाव्या हातानं लिहिते. जुबेदानं माझा खांदा चाचपला. दोन बोटं. दमणी जुंपा म्हटलं. उंबऱ्यापाशी हात इतका जड झाला की— ओलांडता आला नाही. मनगटावर ओले वळ.

मीच म्हटलं होतं. माझ्याच तोंडानं.

शुद्ध ९

चार बोटं. वळ आज कोपरावर. काल मनगटावर होते. विहिरीवरची एक फळी निघाली आहे, जुबेदा म्हणते—

ओढत नाही ती. मला उगाच वाटलं ओढते.

चढते आहे. दंडावर बोटं, गार— खांद्याला धर—