क्रुसांचं झाड

पोलित्सी, मे १९५७

प्रिय वेनेरा,

आधी दारात टपकला तो शेळ्यावाला तानोच, अन् त्याच्यामागून धापा टाकत पालेर्मोचे दोन प्रोफेसर. बूट शहरातले, तोंडं टोमॅटोसारखी! त्यातला लठ्ठ म्हणतो, “आजी, या डोंगरावरचं सुईसारख्या पानांचं फरचं झाड जगातून संपलं, असं पुस्तकांत लिहिलंय.” तानो फिस्सकन हसला, “पुस्तकात मेलं असेल! माझ्या शेळ्या रोज त्याच्या सावलीत रवंथ करतात.” मी इतकी हसले की भट्टीतला पाव करपला. तरी लठ्ठ्यानं तीनदा मागून खाल्ला, वर ताजं चीज. तू बेल्जियमला गेल्यापासून माझ्या घरात असं कुणी जेवलं नव्हतं बघ.

त्या आनंदात माझी जीभ सुटली. तानो दाखवणार होता दोन झाडं. मी म्हटलं, त्याला काय कळतंय, तिसरं मला ठाऊक आहे! अन् गुडघे दुखत असून मीच पुढं चालले. लठ्ठ्यानं एक डहाळी हातात धरली. प्रत्येक फांदीला आडव्या फांद्या, क्रुसावर क्रूस. “आम्ही याला क्रुसांचं झाडच म्हणतो,” मी सांगितलं. त्यानं टोपी काढली, डोळे पुसले. मग म्हणाला, “आता याला मरू द्यायचं नाही. कुंपण घालू, बुंध्याजवळचे दगड काढू, माती खणून खत घालू.” तोंडानं मी शाब्बास म्हटलं, पण जाऊन त्या दगडांशेजारीच बसले.

पोरी, माझी पत्रं नेहमी फादर लिहून देतात. हे त्यांना सांगण्यासारखं नाही, म्हणून वेडंवाकडं मीच लिहितेय. तुझं पहिलं बाळ, जे रडलंच नाही, त्याला बाप्तिस्मा नव्हता म्हणून फादरनी दफनभूमीत जागा दिली नाही. तू भिंतीकडं तोंड केलंस, कधी विचारलं नाहीस. मीही बोलले नाही. तुझ्या बापानं त्याला चिजाच्या टोपलीतून नेलं अन् त्या झाडाखाली ठेवलं. तिथं कोण क्रूस नाकारणार होतं? वरचे दगड माझ्या हातचे आहेत. मेलेल्यांच्या सणाला दरवर्षी इतर पोरांना मिळते तशी साखरेची बाहुली त्याच्यासाठी ठेवून येते. शेळ्या खातात, खाऊ देत.

झाडही जगायला हवं गं. पण आई तू आहेस. बाळाला दुसरीकडं हलवू, प्रोफेसरांना खरं सांगू, की दगड उचलताना नुसती बाजूला उभी राहू? लवकर कळव. जूनमधल्या सान जोव्हान्नीच्या सणानंतरच्या गुरुवारी ते फावडी घेऊन येतो म्हणालेत.

तुझीच,
आई