बटण कोणी दाबलं

तळेगाव (श्यामजी पंत), ३ नोव्हेंबर

चि. पौर्णिमा हिस,
बाबांचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि त्या अर्ध्याचा मी भलताच अर्थ लावतो, म्हणून कागदावर विचारतो. आपल्या दोघांच्या नावावरच्या पेन्शनच्या खात्याबद्दल बँकेचा ई-मेल आलाय. चोवीस तासांत खालचं बटण दाबून माहिती भरा, नाही तर खातं बंद. चिन्ह पासबुकावर असतं तस्संच आहे. पण मला 'प्रिय ग्राहक' म्हटलंय, आणि शाखेतल्या बाई तर मला नावानं ओळखतात. जावक क्रमांक नाही, सही नाही. कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. असा कागद मी आणणाऱ्याच्या हातीच परत दिला असता. मेल परत कसा देतात ते कळेना. तूर्त वहीत आवक क्रमांक ४१ ला नोंदवलाय, शेरा 'प्रलंबित'.

खातं बंद झालं तर तुझ्या आईच्या गोळ्या कशा आणायच्या, तेवढं लवकर कळव. माया आहेच.
तुझे बाबा

पिपरी मेघे, ६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सविनय जयभीम. ती. आईसही.

तुमचा आवक क्रमांक शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. सगळे हसले, मीही. बाबा, तो मेल खोटा आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहा, बँकेच्या नावात एखादं अक्षर जास्त असेल. नाव नाही, घाई आहे, धाक आहे, वर बटण दाबा म्हणतात. एवढं दिसलं की पुसून टाकायचं. बँक पासवर्ड किंवा ओटीपी कधी मागत नाही. शंका आली तर पासबुक घेऊन आर्वीच्या शाखेत जाऊन विचारा. आठवीच्या मुलांना हेच शिकवते, आता घरातही एक विद्यार्थी मिळाला.

खातं जिथल्या तिथं आहे. निर्धास्त राहा आणि लोभ कमी करू नका.
तुमची पौर्णिमा

तळेगाव, १२ नोव्हेंबर

चि. पौर्णिमा हिस, आशीर्वाद.

काल आर्वीला जाऊन पासबुक भरून आणलं. खात्यात चारशे बारा रुपये आहेत. बाकी सगळे सहा तारखेला गेले. बाई म्हणाल्या, कोणी तरी ते बटण दाबून पासवर्ड दिल्याशिवाय असे जात नाहीत.

मी दाबलं नाही. म्हणजे दाबल्याचं आठवत नाही. तुझं पत्र आठ तारखेला आलं, तोवर मेल तसाच होता. सहाच्या दुपारी मी मोबाईल घेऊन बसलो होतो, एवढं आठवतं. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर आहेच. तुझी आई म्हणते, "तुमीच दाबलं असन, अन् इसरून गेले." मागच्या महिन्यात मी गॅस चालू ठेवून बाहेर गेलो होतो, ते तिनं लक्षात ठेवलंय. शाखेत मी लेखी जबाब दिला की चूक माझी. झालेल्या गोष्टीखाली कोणाचं तरी नाव लागतंच.

घरी आल्यापासून स्वतःलाच प्रश्न विचारतोय. काल काय जेवलो, परवा कोण भेटलं. एकोणतीसचा पाढा येतो, पण माझे हात काय करतात याचा भरवसा वाटत नाही. वर्ध्याला डोक्याच्या डॉक्टरकडे जावं का? मला फार भीती वाटते.

रागावू नको, माया असू दे.
बाबा

पिपरी मेघे, १५ नोव्हेंबर

ती. बाबांस, जयभीम.

तुम्ही दाबलं नाही. मी दाबलं.

सहा तारखेला तुम्हाला लिहिलेलं पत्र पेटीत टाकून घरी आले, तर मलाही मेल आलेला. त्यात माझं पूर्ण नाव होतं, खात्याचे शेवटचे चार आकडेही. नाव आहे म्हणजे खराच, असं वाटलं. घाई दिसलीच नाही, पासवर्ड भरून मोकळी झाले. दहा मिनिटांत पैसे गेल्याचा मेसेज आला. लगेच पोलिसांच्या सायबर हेल्पलाइनला, १९३० ला, तक्रार केली. काही रक्कम अडवली आहे, उरलेल्याचं सांगता येत नाही म्हणतात.

तुम्हाला सांगायची लाज वाटली. त्याच दिवशी तर तुम्हाला हसले होते. पैसे परत आले की सांगू म्हणून गप्प बसले. काल शाखेतून विचारणा झाली: तक्रारीत मी म्हणते मी दाबलं, वडिलांच्या जबाबात ते म्हणतात त्यांनी, नक्की कोणी? फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

डॉक्टरकडे जाऊ नका बाबा. हवं तेवढं रागवा, पण पत्र पाठवा.
पौर्णिमा

तळेगाव, १८ नोव्हेंबर

चि. पौर्णिमा हिस, आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. तुझ्या आईनं दोनदा वाचायला लावलं. पैसे गेले तेव्हा मी रडलो नव्हतो; काल रडलो, फार हलकं वाटलं. मग राग आला, तो अजून आहे. आई विचारते, "पोरीनं काऊन सांगतलं नाई?" ते तूच येऊन सांग तिला.

बटण कोणाच्याही हातून दाबलं जाईल. शनिवारी ये. सोमवारी शाखेत जाऊन माझा जबाब मागे घेऊ, तुझा देऊ. पण पैसे चोरानं नेले, त्याचं बँक आणि पोलीस पाहतील. पाढे म्हणत मी माझ्याच डोक्यावर पहारा देत बसलो, ते सहा दिवस पोरी, तू नेलेस. ते मला परत हवेत. रजा टाकून ये आणि सहा दिवस माझ्याजवळ राहा.

रागासकट माया आहे, जपून ये.
तुझे बाबा