गाडी तू चालव

सेक्टर २४, चंदीगड
२ नोव्हेंबर २०२५

चि. अच्युत यास,
अनेक आशीर्वाद.

आठ दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. मिरजेला पोचल्याचं उल्काने यांना कळवलं, मला नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आप्पा सुट्टीत आपल्याला रोज एक पत्र लिहायला लावायचे, त्याचा या वयात असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

आधी इकडचं. कश्मिराची परीक्षा सुरू झाली. ती मला तिच्या हिंदीत रोज विचारते की मामा न जेवता का गेले. मी सांगते, गाडीची वेळ झाली होती. सतरा वर्षांच्या मुलीला खोटं ओळखता येतं. तू आणलेलं भडंग तसंच आहे, डबा उघडायला हात होत नाही.

आता त्या शनिवारचं. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. यांचे मित्र शंतनू आणि त्यांची हिमानी यांनी टूम काढली, सोलनच्या रस्त्याला फळांच्या वाइनचे कारखाने आहेत, तीन ठिकाणी जाऊन चव घ्यायची, रात्री डोंगरात मुक्काम, रविवारी परत. प्रश्न गाडी चालवण्याचा होता. घाटाचा रस्ता, आणि नाक्यावर पोलीस यंत्रात फुंकर मारायला लावतात. तेव्हा हे म्हणाले की अच्युत तर पीत नाही, त्याला घेऊ, म्हणजे ड्रायव्हरची सोय झाली.

हे वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. ते यांनी म्हटलं नाही, मी म्हटलं. हे उलट म्हणत होते की त्याने दारू सोडून दहाच महिने झालेत, त्याला अशा ठिकाणी नेणं बरं नव्हे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही डॉक्टर लोक फार बाऊ करता. आणि तुला म्हटलं, गाडी तू चालव. तू लगेच हो म्हणालास. मला तू कधी नाही म्हणाला आहेस?

पहिल्याच ठिकाणी तिथल्या माणसाने काउंटरवर पाच प्याले मांडले. आपला प्याला मागे सारताना तू माझ्याकडे पाहिलंस. मी घाईने हिमानीला सांगितलं की ह्याला पित्ताचा त्रास आहे. तुझ्या दहा महिन्यांच्या कष्टांना मी पित्त म्हटलं, कारण माझा भाऊ कधीकाळी दारुड्या होता हे मला त्यांच्यापुढे नको होतं. मग हिमानी आग्रहच करायला लागली. आलुबुखाराची आहे, रसच समजा, पोटाला उलट चांगली, असं म्हणून तिने प्याला तुझ्या हातात दिला. तू तो धरून उभा होतास आणि मी हसत होते. नंतर तू प्याला ठेवून गाडीत जाऊन बसलास, तेव्हाही मी उठले नाही. मला ती वाइन आवडली होती.

तिसऱ्या ठिकाणाहून चारच्या सुमारास बाहेर आलो तर गाडी होती, तू नव्हतास. किल्ली रखवालदाराकडे. तो म्हणाला की साहेब पिंजौरपर्यंत जाणाऱ्या बसमध्ये बसले. तुझा फोन सारखा बिझी. कुणी काही विचारायच्या आत मीच म्हणाले की जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तू ते ऐकलं नव्हतंस, तुला कधी कळलंही नसतं. पण सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

तिथलाच एक ड्रायव्हर मिळाला. पिंजौरच्या स्टँडवर तू बाकावर चहा पीत बसलेला दिसलास. मी उतरले, तुझी हनुवटी धरली आणि म्हणाले, तोंड उघड. तू उघडलंस. आप्पा तुझे टॉन्सिल बघायचे तेव्हा उघडायचास, अगदी तसं. आल्याच्या चहाचा वास आला. पिऊन मी आले होते आणि तोंड मी तुझं तपासलं. गाडीतून हे तिघं बघत होते, बसला थांबलेली माणसं बघत होती. मुक्काम रद्द झाला. चंदीगडपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस.

मला फार लाज वाटते, अच्युत. थोरलीला माफी मागायची सवय नसते, म्हणून हे वाक्य वाकडंतिकडं येईल, पण मागते. रागावलास तर रागाव, फक्त दोन ओळी पाठव.

तुझ्या लोभाला अजून धरून असलेली,
ताई

•

मिरज
११ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. पद्मिनीताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांनी वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात घातलं आणि ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकला तेव्हा मी ते काढून वाचलं. चोरून वाचलं हे लपवत नाही.

ताई, तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही, पण न लिहिणं मला जमणार नाही. हे तुमच्याकडे नुसते भाऊबिजेला आले नव्हते. १४ डिसेंबरला वर्ष पुरं होतंय. इथल्या दारू सोडलेल्यांच्या गटात रिवाज आहे, वर्ष झालेल्याला सगळ्यांसमोर एक पदक देतात, आणि ते त्याच्या घरच्या माणसाच्या हातून. ह्यांनी आधी मला विचारलं की ते ताईच्या हातून घेतलं तर तुला वाईट वाटेल का. पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात हात धरून तुम्ही नेलं होतंत, तेव्हा सगळं घर तुमच्यावर उलटलं होतं. मी म्हटलं, जरूर विचारा.

फोनवर विचारायचं नव्हतं. औक्षणाच्या वेळी विचारणार होते, पण तुमच्याकडे पाहुणे होते. मग तुम्ही म्हणालात गाडी तू चालव. त्याच रात्री ह्यांचा मला फोन आला, बरं झालं, ताई शेजारी बसेल, चार तासांत कधीतरी बोलता येईल. म्हणून ते लगेच हो म्हणाले.

आणि तोंड हुंगायचं म्हणाल, तर नऊ वर्षं ते काम माझं होतं. त्याने कुणाची दारू सुटत नाही, हुंगणाऱ्याची झोप तेवढी जाते. तुम्ही मोठ्या आहात, नमस्कार मनापासून करते. पण राग आहे, तोही मनापासूनच.

मोठ्यांना नमस्कार, कश्मिराला गोड पापा.
सौ. उल्का

•

चंदीगड
१७ नोव्हेंबर २०२५

सौ. उल्का हिस,
अ. उ. आ.

तुझा राग बरोबर आहे. समजूत काढायला हे लिहीत नाही.

त्या दिवशी मी पुढे बसलेच नाही. हिमानीशी गप्पा मारता याव्यात म्हणून मागे बसले, आणि अच्युतच्या शेजारच्या सीटवर फराळाची पिशवी ठेवली. निघताना त्याने एकदा विचारलं होतं की ताई, पुढे येतेस का. मी म्हटलं, पिशवी लवंडेल, राहू दे. तुझं पत्र आल्यापासून मला ती पिशवीच दिसते आहे.

काल सेक्टर १७ मध्ये हिमानी भेटली. तिला सांगून टाकलं की पित्त वगैरे काही नव्हतं, माझ्या भावाने दारू सोडली आहे. ती पांढरीफटक पडली. मग म्हणाली की हे आधी माहीत असतं तर आम्ही गेलोच नसतो, तू का बोलली नाहीस. मी तिथे उभ्या उभ्या रडले. इतकी वर्षं या गावात काढली, पण रस्त्यात कधी रडले नव्हते.

पदकाचं त्याला मी विचारणार नाही. तो हक्क मी पिंजौरला घालवला. तुम्ही दोघं बरी असा, एवढंच मागणं.

तुझी,
पद्मिनीताई

•

मिरज
२४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र मी खिशात ठेवलं ते उल्काने वाचावं म्हणूनच. तिला वाटतं तिने चोरलं, वाटू दे. तिला आलेलं तुझं पत्र तिने उघड उघड माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

तू सगळी लाज एकटीच घेऊन बसली आहेस, त्यातली थोडी माझी आहे. हिमानीवहिनींनी दिलेला तो प्याला मी नाकापर्यंत नेला होता. आग्रह झाला म्हणून नाही, मला न्यायचा होता म्हणून. खाली ठेवताना हात माझा असून ऐकत नव्हता. तिसऱ्या ठिकाणी तिथले मालक बाहेर येऊन मला आत बोलावायला लागले, ड्रायव्हरनेही चव घ्यावी म्हणून. दुसऱ्यांदा हात ऐकेल याची खात्री नव्हती. किल्ली दिली आणि पळालो. पिंजौरच्या स्टँडवरून आमच्या गटातल्या गुरुनाथकाकांना फोन लावला. त्यांना दारू सोडून एकोणीस वर्षं झाली. पाऊण तास ते बोलत राहिले, म्हणून तुला फोन बिझी लागला. फोन ठेवून चहा घेतला. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तू आलीस, अगदी जवळ. ताई, तू माझ्या तोंडाचा वास घेत होतीस आणि मी तुझ्या. आलुबुखाराचा, सकाळचाच. तू मागे सरलीस तेव्हा मी अर्धं पाऊल तुझ्यामागे आलो. ते तुला दिसलं नाही. परतताना बोललो नाही ते रागाने नाही. गाडीच्या काचा बंद होत्या, चौघांच्या श्वासाला तोच वास होता, आणि मी जमेल तितका श्वास रोखून बसलो होतो. फोनही त्यासाठीच घेतला नाही. तू माफी मागितली असतीस आणि मला हे सांगावं लागलं असतं.

खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणालीस ते खरंच आहे. आम्ही गटात दर रविवारी तेच म्हणतो, फक्त स्वतःबद्दल. तू म्हणालीस ते लागलं, खोटं कशाला बोलू.

पदक गुरुनाथकाका देतील. त्यांना सांगून झालंय, आता बदलत नाही. पुढच्या वर्षी तू दे असं लिहिणार होतो, पण आम्ही पुढचं वर्ष मोजत नाही, म्हणून तेही लिहीत नाही. पण तू ये. रविवारी १४ तारखेला सकाळी दहा वाजता. मागच्या बाकावर उल्काच्या शेजारी जागा धरून ठेवतो. दाजींना आण, कश्मिरालाही आण, आणि मामा का गेले होते ते येताना तिला नीट सांग. भडंग संपवा, नाहीतर सादळेल.

स्टेशनवर घ्यायला मीच येईन. गाडी मीच चालवणार. पुढच्या सीटवर या वेळी काही ठेवू नकोस.

लोभ कमी झालेला नाही, तेवढं कळावे.
तुझा,
अच्युत