आठवी ‘ब’चे पासवर्ड

३ जुलै

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडलेल्याला शाळेत उभं कोणी केलं, असं विचारतेस. सायबर सुरक्षा शिकवायला दुसरं कोणी मिळेना, म्हणून वर्षापुरतं मला घेतलं. बाबा मात्र शेजारीपाजारी ‘आमचा मास्तर’ म्हणून मिरवतात म्हणे!

आठवी ‘ब’. छत्तीस मुलं, चालू कॉम्प्युटर नऊ. इथे एक रीत आहे. जिवलग मैत्री असेल तर पासवर्ड द्यायचा. नाही दिला तर कट्टी. काल विचारलं, कोणी कोणी दिलाय? एकतीस हात वर! माझं टाळकं सटकलं. म्हटलं, पासवर्ड वाटणारे सगळे गाढव, उद्या फसलात तर माझ्याकडे रडत यायचं नाही. लायब्ररीच्या बाई दारावरून जात होत्या. त्यांनी ऐकलं, पण हसल्या नाहीत. ताई, त्यांच्यासाठी मी रोज एक पुस्तक नेतो आणि न वाचता परत करतो.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
तोफ

११ जुलै

चि. तोफेस, अ. आ.

पुस्तकं वाचून परत कर, बोलायला विषय तरी मिळेल. जिच्यापायी परीक्षा सोडलीस, तिचं नाव अजून तुझा पासवर्ड आहे. तूच मला लाडात येऊन सांगितलंस. मग ती पोरंच तेवढी गाढव कशी? रडत यायचं नाही, हे मागे घे. लवकर घे. असली वाक्यं मुलं फार इमानाने पाळतात.

आईचे गुडघे बरे आहेत. राग आवर, माया राहू दे.

तुझी,
ताई

२९ जुलै

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र वाचून माझा ताठा आडवा आला. म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात.

पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची, सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिचं मैत्रिणीशी बिनसलं. पासवर्ड त्या मैत्रिणीकडे. नऊ दिवस चिमणीच्या नावाने वर्गभर घाण मेसेज गेले. सगळ्यांनी तिला वाळीत टाकलं. माझ्या तासाला ती समोर बसून सगळं नीट उतरवून घेत होती, आणि मला पत्ता नाही.

कळलं ते तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले तेव्हा. ते भांडले असते तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाले, सर, तुम्ही बजावलं होतं, आमच्याच पोरीने ऐकलं नाही. मी त्यांच्या घरी गेलो. ती खोलीबाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात माफी मागितली. म्हटलं, काहीही झालं तरी माझ्याकडे या. मग चाचणी झाली. फसवणूक झाल्यास कोणाला सांगाल, हा शेवटचा प्रश्न. पस्तीसच्या पस्तीस जणांनी लिहिलं, शिक्षकांना. त्या मैत्रिणीनेही. सगळ्यांना पूर्ण गुण द्यावे लागले. मुख्याध्यापक खूश आहेत.

मधल्या सुट्टीत मी कॉम्प्युटरच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून बसतो. दारापाशी आलं की मुलं पावलं भरभर उचलतात.

रागाव, पण लिहीत राहा.

तुझा,
भाऊ