खवट दाणे

हैदराबाद, १४ जानेवारी २००३

ती. आई, तुला आणि अप्पांना शरणार्थ.

मी लई मजेत हाय, जेवते वेळेवर.

वर्षभर मी भलतंच शोधत होते. पेशी आरएनए नावाच्या नकलेवरून काम करते. प्राणवायूनं लोखंडासारखी गंजलेली नक्कल ती दुरुस्त करत असेल, असं मला वाटायचं. पण तू चटणीआधी खवट दाणे काढतेस, तशी ती गंजलेली नक्कल वेचून टाकते. मूळ प्रत आत शाबूत असते, तिच्यावरून नवी उतरवते. सर खूश आहेत.

म्हातारपणी ही निवड मंदावत असावी. तिला जोर कसा द्यायचा, तेच आता शोधतेय.

अप्पा दुकानात बसतात ना? गिऱ्हाइकाचं नाव विसरले तर चारचौघांत टोकू नकोस, हळूच नव्यानं सांग. माझं विसरले, तरी तसंच.

तुझी
अपेक्षा